अंगठ्याचा हिशेब : कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचा एक अभ्यास

अर्थशास्त्राच्या तासाला मजुरीचा सिद्धान्त शिकवताना सरांनी एकदा विचारले होते, "श्रमिकाजवळ विकण्यासारखे काय असते?" वर्गातून उत्तर आले, "श्रम." सरांनी मान डोलावली आणि तास पुढे सरकला. मी मात्र तेथेच अडकले. त्याच आठवड्यात आमच्या घरी एक टाइप केलेला कागद आला होता. माझ्या वडिलांना 'माणुसकीच्या नात्याने' पंधरा हजार रुपये देण्यात येत असून ते घेतल्यावर त्यांची कारखान्याच्या मालकाविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही, असा त्यातला मजकूर. खाली एक रेघ, आणि रेघेखाली लिहिलेले : डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. भरपाई त्याच अंगठ्याची होती. तो आता नाही. कागद टाइप करणाऱ्याच्या हे लक्षात आले नसावे.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या कागदात आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. परंतु घरातले सगळे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे असल्याने हाही कागद माझ्याकडे आला आणि तो समजून घेता घेता बरेच महिने गेले. आपल्या ग्रंथालयातील कामगार कायद्यांचे एक जाड पुस्तक, हिराचंद नेमचंद वाचनालयात घालवलेल्या काही दुपारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून भेटलेल्या एक वकीलबाई, एवढी माझी साधने. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळांच्या घरी माग, विडी किंवा एमआयडीसी यांपैकी काहीतरी आहे. म्हणून जे कळले ते येथे मांडण्याचे धाडस करते.

आम्ही घरी तेलुगू बोलतो. विणकामासाठी तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज सोलापूरच्या पूर्व भागात कसा वसला हे येथे कोणाला सांगायला नको. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांना पितळी बिल्ला होता आणि बिल्ल्यावर नंबर होता. गिरणी बंद पडली, आजोबा गेले, बिल्ला अजून देवघरात आहे. वडिलांच्या, म्हणजे नान्नांच्या, वाट्याला यंत्रमाग आले : पत्र्याचा कारखाना, आठ माग, दोन पाळ्या, सगळे मिळून सात कामगार. नंबर नाही, बिल्ला नाही. शनिवारी हप्ता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रात्रपाळीला टॉवेलच्या मागावर गुंतलेला धागा काढताना नान्नांचा डावा हात दातेरी चाकांत गेला. चाकांवरचे लोखंडी झाकण कित्येक महिने आधीच काढून ठेवलेले होते, कारण दर वेळी ते खोलण्यात आणि लावण्यात वेळ जातो. ते कोणी काढले हे आता कोणालाच आठवत नाही. अंगठा मुळापासून गेला. याहून अधिक वर्णन मी करीत नाही.

पहिला प्रश्न साहजिकच असा, की चूक कोणाची? नान्ना आजही म्हणतात, "माग बंद करून हात घालायला पाहिजे होता, चूक माझीच." मलाही तसेच वाटत होते. कायद्याचे पुस्तक उघडल्यावर पहिला धक्का बसला तो येथे. कायदा हा प्रश्न विचारीतच नाही.

पूर्वी तो विचारला जात असे. अपघात झाला तर कामगाराने न्यायालयात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. मालक म्हणणार, धोका ठाऊक असूनच तू काम पत्करलेस, किंवा चूक माझी नव्हे, तुझ्या शेजारच्या कामगाराची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील न्यायालयांनी ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली होती, त्यामुळे भरपाई मिळणे जवळजवळ अशक्य होते. मग १८८४ साली जर्मनीत अपघात विमा आला, १८९७ साली इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा झाला आणि आपल्याकडे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले. या सर्वांमागचा विचार एकच. यंत्र चालवायचे म्हटले की काही हात त्यात जाणारच. यंत्राला लागणारे तेल आणि वीज जशी मालकाच्या खर्चात धरतात, तसाच हा खर्चही त्याच्याच वहीत पडला पाहिजे. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवले की पुरे.

अपवाद आहेत. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असेल, सुरक्षेसाठी घालून दिलेला नियम त्याने मुद्दाम मोडला असेल, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले असेल, तर भरपाई नाकारता येते. पण यातसुद्धा मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे अपवाद चालत नाहीत. 'मुद्दाम' या शब्दावर वकीलबाईंनी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली. झाकण निघालेल्या मागावर काम करणे निराळे आणि झाकण मुद्दाम काढणे निराळे.

आता हिशेब. तो मी वहीच्या शेवटच्या पानावर केला, तसाच देते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. मृत्यू झाल्यास वेतनाचे ५० टक्के धरायचे. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती. अपंगत्व अंशतः असेल तर येणाऱ्या रकमेचा ठरावीक टक्के भाग. ते टक्के कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कोष्टक करून दिलेले आहेत : दोन्ही हात गेले तर १००, एक हात ६०, एका हाताची चारही बोटे ५०, एक डोळा ४०, अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. हाड न जाता नुसते तर्जनीचे टोक कापले गेले तर ५.

हे कोष्टक पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खाटकाच्या दुकानातील भावाची पाटी आठवली आणि पुस्तक मिटून टाकले. पुढे मत बदलले. कोष्टक नसते तर प्रत्येक बोटासाठी घासाघीस झाली असती, आणि घासाघिशीत कोण जिंकतो हे पंधरा हजारांच्या कागदावरून दिसतच होते.

नान्नांची कमाई मजुरीच्या दराने महिना सरासरी १२,००० रुपये. त्याचे ६० टक्के ७,२००. आधार कार्डाप्रमाणे जन्म १ जानेवारी १९८०, म्हणजे अपघाताच्या वेळी पंचेचाळीस वर्षे पूर्ण. पंचेचाळिसाव्या वर्षाचा गुणक १६९.४४. गुणाकार १२,१९,९६८ रुपये. त्याचे ३० टक्के ३,६५,९९० रुपये. मी हे तीनदा करून पाहिले. नंतर आईला, आम्ही तिला अम्मा म्हणतो, आकडा सांगितला तर ती म्हणाली, शून्य जास्त पडले असेल.

येथे एक लहानशी गंमत नोंदवते. आमच्या वस्तीत आधार काढताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही त्या बहुतेकांची तारीख १ जानेवारी पडली आहे. आजी सांगायची की नान्ना आषाढातले. आषाढ धरला तर फेब्रुवारीत त्यांना चव्वेचाळीसच वर्षे पूर्ण होतात, आणि चव्वेचाळीसचा गुणक १७२.५२ आहे. फरक साडेसहा हजार रुपयांहून जास्त. ज्या कारकुनाने घाईने १ जानेवारी लिहिले असेल त्याला या आकड्याची कल्पनाही नसेल.

परंतु अंगठा म्हणजे ३० टक्के, एवढ्यावर विषय संपतो का? माझ्या मते या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. कायदा अवयवाची किंमत करीत नाही. कमावण्याची शक्ती किती गेली याची करतो. कोष्टक हे त्या मोजणीचे एक साधन. सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा एक निकाल आहे. ओरिसातील एका सुताराचा चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडून डावा हात मोडला आणि तो कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटले, सुताराला एका हाताने सुतारकी करता येत नाही, म्हणून त्याच्यापुरते हे शंभर टक्के. आयुक्तांनी दिलेले ९,८०० रुपये, त्यावर निम्मा दंड आणि व्याज, सगळे कायम राहिले. २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक उलगडून सांगितले. डावा हात गमावलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळीच जाते. तोच सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणून आधी पाहायचे, हा माणूस अपघातापूर्वी काय करीत होता आणि आता काय करू शकतो.

मग विणकराचा अंगठा म्हणजे काय? ताण्याचा धागा तुटला की दोन्ही टोके डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायची, उजव्या हाताने फास फिरवायचा आणि ओढायचे. लहानपणी मी ते बघत बसे, डोळ्याची पापणी लवेपर्यंत गाठ पडलेली असे. नान्ना आता तर्जनी आणि मधले बोट यांत टोक धरून बघतात. जेवढ्या वेळात पूर्वी पाच गाठी होत तेवढ्यात एक होते आणि तीही सुटते. चालू मागावर असा माणूस कोणी ठेवत नाही. सध्या ते दुसऱ्या एका ठिकाणी टॉवेलांच्या घड्या घालतात आणि त्यांना पूर्वीच्या निम्म्याहून कमी मिळतात. वकीलबाईंनी सांगितले आहे की अर्जात ३० टक्के लिहायचे नाहीत. गाठ कशी बांधतात ते लिहायचे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागेल आणि जाणत्या विणकराची साक्षही.

(वर्गातल्या एका मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "अगदी एकलव्यासारखे!" तिचा हेतू चांगलाच होता. पण एकलव्याने अंगठा दिला होता.)

अपंगत्वाची आणखी एक मोजणी असते आणि दोहोंची गल्लत फार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळणारे प्रमाणपत्र निराळे. सवलतींसाठी तेथे साधारणतः ४० टक्के ही सीमारेषा आहे आणि नुसत्या अंगठ्याने ती गाठली जात नाही. आमच्या शेजारच्या काकांनी तेवढ्यावरून निष्कर्ष काढला की नान्नांना 'काहीच बसत नाही'. निराधार अनुदान बसत नाही, हे खरे. भरपाईचा हक्क मात्र त्या चाळीसच्या रेषेवर मुळीच अवलंबून नाही. हे कोणी सांगितले नसते तर आम्हीही गप्प बसलो असतो.

कामगार विमा, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात, त्याविषयी थोडक्यात. १९४८ च्या कायद्याने ही योजना आली आणि १९५२ साली कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. ज्याचे नाव त्यात असते त्याला मालकाशी भांडावे लागत नाही. उपचार विमा रुग्णालयात होतात, बरे होईपर्यंत मजुरीच्या सुमारे नव्वद टक्के पैसे मिळतात आणि कायमचे अपंगत्व आले तर दरमहा जन्मभर. त्या बदल्यात मालकाकडून निराळी भरपाई मागता येत नाही. सोलापुरातही कामगार विम्याचे रुग्णालय आहे. पण योजनेला सर्वसाधारणपणे किमान दहा कामगारांची अट आहे, आणि आमच्या कारखान्यात सात. शेजारच्या पत्र्याखाली आणखी सहा, पण त्या पत्र्यावर नाव मालकाच्या घरातील दुसऱ्या व्यक्तीचे. अशी वाटणी आमच्या भागात नवीन नाही. भरपाईच्या कायद्याला मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी अशी संख्येची अट नाही. सातच काय, एक कामगार असला तरी जबाबदारी आहे.

इतके सगळे वाचून मी आनंदाने वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "तुझे वडील तेथे कामाला होते, याचा पुरावा काय?"

मला वाटले, त्या चेष्टा करीत आहेत. अकरा वर्षे माणूस रोज डबा घेऊन जातो, साऱ्या गल्लीला ठाऊक असते, आणि पुरावा काय? पण मालकाच्या वतीने आलेले तोंडी उत्तर नेमके हेच होते, की हा आमचा कामगार नव्हे, अधूनमधून येऊन मीटरवर काम करून जायचा. हजेरीपत्रक नाही, पगारपत्रक नाही, नेमणुकीचा कागद नाही. आणि त्याहून वाईट एक गोष्ट निघाली. त्या रात्री मालकाचा माणूस नान्नांना एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला होता, आणि तेथील डिस्चार्ज कार्डावर दुखापतीचे कारण लिहिले आहे : घरी पाण्याच्या मोटारीत हात अडकल्याने. नान्ना तेव्हा शुद्धीवर होते, पण कार्ड इंग्रजीत. ते माझ्याकडे वाचायला आले होते आणि मी औषधांच्या वेळा तेवढ्या वाचल्या होत्या. ही चूक माझी. वकीलबाई म्हणाल्या, दवाखान्यात पहिल्या तासात जे कारण लिहिले जाते त्याला न्यायालयात फार वजन असते. अपघात झाल्यावर त्या कागदावर 'काम करताना, अमुक ठिकाणी' ही अक्षरे पडली आहेत की नाहीत, हे घरच्या शिकलेल्या माणसाने सर्वांत आधी बघावे.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. रोजच्या हजार विड्या, त्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. माझी नजर भिंतीवरच्या पिशवीकडे गेली. त्या पिशवीत अम्माचे ओळखपत्र आहे, पान-तंबाखू किती घेतला आणि विड्या किती दिल्या याची नोंद असलेले पुस्तक आहे, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर आहे. माझ्या शाळेच्या शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच ओळखपत्रावर भरला होता. गंमत अशी, की अम्मा कारखान्यात जात नाही, घरात बसून काम करते, तिच्यावर देखरेख करायला कोणी नाही. तरी ती कागदोपत्री कामगार आहे. नान्ना रोज बारा तास कारखान्याच्या छपराखाली होते, आणि ते कोणीच नाहीत.

हे आपोआप झालेले नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये कायदा वैध ठरला. घरखेपच्या कामगारांना प्रॉव्हिडंट फंड लागू नाही असा वाद पुढे झाला, तोही १९८५ मध्ये त्यांच्या बाजूने सुटला. सोलापुरातील विडी कामगार बायांनी काढलेले मोर्चे मी लहानपणापासून पाहिले आहेत, अम्माच्या कडेवर बसून एकदोनदा त्यांत गेलेही आहे. तेव्हा वाटे, या काय मागतात? आता वाटते, भिंतीवरची ती पिशवी त्यांनी मागितली होती. यंत्रमागावरच्या पुरुषांना आपण विणकर आहोत याचा अभिमान फार, पण आपल्या नावाचा कागद मागण्यात त्यांना कमीपणा वाटला असावा. हे माझे मत आहे, चुकीचेही असेल.

असो. पुरावा अखेर सापडला तो मोबाइलमध्ये. २०२३ पासून मालकाच्या मुलाने काही हप्ते फोनवरून पाठवले होते. मी बँकेचे स्टेटमेंट काढून आणले. शनिवारमागून शनिवार, एकूण एकतीस नोंदी, एकाच नावाने. शिवाय अपघाताच्या दुसऱ्या दिवशी 'पाळीला कोण येणार' असा निरोप. अधूनमधून येणाऱ्या माणसाला एकतीस शनिवार पैसे कोण पाठवतो? नैमित्तिक कामगारांना वगळण्याचा जुना शब्दप्रयोगही २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातून गेलेला आहे. राहिला साक्षीदाराचा प्रश्न. त्या रात्री पाळीवर चौघे होते.

आता त्या पंधरा हजारांच्या कागदाविषयी. नान्नांनी ठसा दिला नव्हता, पण समजा दिला असता तर? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. रक्कम ठरवून तडजोड करायची असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. नोंदच केली नाही तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी तशीच राहते, आणि आधी दिलेल्या भरपाईच्या रकमेपैकीही सर्वसाधारणपणे निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. ज्या कोणाच्या घरी असा ठसा देऊन झाला असेल त्यांनी एवढ्यावरून आशा सोडू नये. आयुक्त म्हणजे कोणी निराळे साहेब नव्हेत. बहुतेक जिल्ह्यांत कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम पाहतात.

आणि उशीर? कायद्याप्रमाणे भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर दरसाल १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. आमच्या आकड्यावर वर्षाचे व्याजच सुमारे ४३,९०० रुपये होते. २००९ च्या दुरुस्तीने औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर घातला आणि अर्ज तीन महिन्यांत निकालात काढावा असेही म्हटले.

नान्नांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. त्यांच्या हसण्यात तथ्य होते. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील एक प्रकरण आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात मरण पावला. तारीख २२ एप्रिल २००३. आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, कारण अपघात कारखान्यात झाला नव्हता. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला : कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघाताचा वेळ, स्थळ आणि परिस्थितीने कामाशी संबंध जुळत असेल तर तो कामाच्या ओघातला मानावा. रात्रपाळीला सायकलवर जाणाऱ्या सोलापुरातील हजारोंना या निकालाचा उपयोग आहे. पण नान्नांनी बोटांवर मोजले, २००३ ते २०२५. "बावीस वर्षं," ते म्हणाले, "तोपर्यंत तू आजी होशील."

एक भेद मात्र मी त्यांना पटवू शकले. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार असे आठ जण गेले. साऱ्या पूर्व भागाने तो धूर पाहिला. त्यानंतर पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये जाहीर झाले. वस्तीत बोलणे असे, की 'भरपाई मिळाली'. वस्तुतः ती मदत, सानुग्रह अनुदान. शासनाने दया म्हणून दिलेली. ती मिळाली म्हणून कायद्याची भरपाई संपत नाही आणि ती मिळाली नाही म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाने वारसांच्या हातात परस्पर द्यायची नसते, आयुक्तांकडेच भरायची असते. पंधरा हजारांच्या कागदावर 'माणुसकीच्या नात्याने' हे शब्द का घातले होते हे नान्नांना तेव्हा समजले. माणुसकीला पावती लागत नाही, हे त्यांचे वाक्य.

अलीकडचा बदल सांगितला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० अमलात आली असून शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला १९२३ चा कायदा आणि विम्याचा १९४८ चा कायदा हे दोन्ही तिच्यात विलीन झाले आहेत. भरपाईची चौकट संहितेत बरीचशी तशीच आहे, वाटेवरच्या अपघाताचा तर स्पष्ट उल्लेख आला आहे. आमचा अपघात त्यापूर्वीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याने मोजायचा. अर्जाची मुदत दोन वर्षांची, जुन्यातही आणि नव्यातही. वकिलाच्या फीची भीती बाळगण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला, स्त्रियांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. रंगभवनच्या बाजूने जाताना मी कोर्टाचे आवार कितीदा पाहिले असेल, आत हे मिळते हे ठाऊक नव्हते.

अर्ज लिहून तयार आहे. वकीलबाईंनी तपासला, चार ठिकाणी दुरुस्त केला. 'आपला कृपाभिलाषी' असे मी शेवटी लिहिले होते ते त्यांनी खोडले. चौघा साक्षीदारांपैकी एक गावी निघून गेला, दोघे अजून त्याच मालकाकडे आहेत आणि रस्त्यात दिसले की फोन काढून बघू लागतात. चौथ्याने, ज्याने त्या रात्री धावत जाऊन बटण बंद केले, येतो म्हणून सांगितले आहे, पण मुलीचे लग्न झाल्यावर. लग्न वैशाखात आहे. दोन वर्षे पूर्ण होतात फेब्रुवारी २०२७ मध्ये.

नान्ना रोज रात्री विचारतात, कागद कुठे ठेवला आहेस. मी सांगते, अम्माच्या पिशवीत. ते 'बघू' म्हणतात. परवा त्यांनी जुन्या वहीचे पान मागून घेतले आणि उजव्या हाताने स्वतःचे नाव गिरवत बसले होते, कारण अर्जावर सही किंवा ठसा असे दोन्ही पर्याय आहेत. तेलुगूत लिहू की मराठीत, असे विचारले. मी म्हटले, कोणत्याही भाषेत चालते.